संथाबाईंचं मशीन

आमच्या शिवणखोलीत तीन माणसं. कापायला हे, शिवायला मी आणि संथाबाई. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण पायडल इतकं सावकाश मारतात की हे नाव मीच ठेवलं. पुढे तर मनातल्या मनात आणखीही दोन-तीन नावं ठेवली होती, ती सांगण्यासारखी नाहीत.

यांना दोन वर्षांपासून धाप लागते. डॉक्टर म्हणाले, थोडं फुप्फुसात आहे, थोडं मनात. म्हणजे पंप ओढून छाती मोकळी होते, पण "आता श्वास आलाच नाही तर?" ही भीती काही जात नाही. तिच्यासाठी डॉक्टरांनी मोजून श्वास घ्यायला शिकवलं आहे. दोन मोजत आत, चार मोजत ओठ आवळून बाहेर. मी किती वेळा समोर बसून मोजलं! पण हे माझ्याकडे बघायचेच नाहीत. कात्री ठेवायचे, स्टूल उचलायचे आणि थेट संथाबाईंच्या मशीनजवळ जाऊन बसायचे. डोळे मिटून. दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग यायचा.

बावीस वर्षांचा संसार माझा. पथ्य माझं, औषधांच्या वेळा माझ्या, उशाला तीन उशा रचायच्या त्या मी. आणि जीव घाबरला की हे जाणार तिच्याजवळ! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा विचारलंच, "तिथे काय ठेवलंय एवढं?"

"मशीन," हे म्हणाले. "तिच्या पायडलवर मोजतो. दोनला आत, चारला बाहेर."

"मग माझ्या मशीनला काय धाड भरली आहे?"

हे कात्री उचलून कापड कापायला लागले. त्याने तर मी जास्तच पेटले.

चार दिवसांत मिस्त्रीला बोलावून संथाबाईंच्या मशीनला मोटार बसवून घेतली. संथाबाई गोंधळल्या. "अहो ताई, मोटार तुमच्या मशीनला लावा की. माझं काय अडलंय?"

"तुमचे गुडघे दुखतात ना," मी म्हणाले.

"माझे? नाही बाई."

"दुखतील," मी म्हणाले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीस पडद्यांचं कापड आलं. गठ्ठा सोडताच धूळ उडाली आणि यांना धाप लागली. पंप दिला. छातीतली घरघर कमी झाली, पण डोळ्यांतली भीती तशीच. सवयीने स्टूल ओढून हे संथाबाईंजवळ बसले. त्यांनी मोटारीच्या पायडलवर पाय ठेवला आणि मशीन किंचाळत सुटलं, थांबलं, पुन्हा सुटलं. हे त्याच्यामागे श्वास पळवायला लागले. ओठ पांढरे पडले.

मी धावत जाऊन प्लग ओढला आणि माझ्या मशीनवर बसले. म्हटलं, आता बघा. पायडल मारायला लागले. एक दोन, एक दोन तीन चार. यांनी दोन श्वास घेतले आणि हात हलवला. नको. मी आणखी जोर लावला. यांनी कानांवर हात ठेवले.

त्या क्षणी मला माझा राग, मत्सर, सगळं गिळावं लागलं. मी उठले. "संथाबाई, इथे बसा. चालवा."

"काय शिवू?"

"काहीही! फडकं शिवा!"

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला, फडक्याची कड दुमडली आणि पायडल मारायला लागल्या. यांच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. फडक्याच्या तीन बाजू झाल्या तेव्हा यांचे खांदे खाली आले. चौथ्या बाजूला यांनी पाणी मागितलं, माझ्याकडे.

संथाबाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी विचारलं, "माझ्या पायाला काय झालंय, ते आज सांगाच."

यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मला धाप लागली की तुझा पाय पळतो गं. तू घाबरलीस ते मला मशीनवरून कळतं. मग मी आणखी घाबरतो. तिला काय, मी श्वास घेतला काय अन् नाही घेतला काय. तिचा पाय सरळ चालतो."

मी तोंडात पदर कोंबला. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. मिस्त्रीला लगेच निरोप धाडला, मोटार काढून न्या म्हणून.

संध्याकाळी संथाबाई चपला घालताना दारात थांबल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आत वाकून पाहिलं. "मास्तरांना बरं वाटतंय ना आता? मला फार काळजी वाटली हो."



"तुम्ही नका काळजी करू, बाई," मी त्यांचा हात घट्ट धरून म्हणाले. "तुमच्या पाया पडते. ते काम माझं आहे."