न मुरगळलेला पाय

बाईंना एकदा तरी परदेशी राहून फ्लामेंको शिकायचं आहे, हे त्यांच्या नृत्यसंस्थेत झाडू मारायला येणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. खिळे ठोकलेले बूट, गिटार, गाणाऱ्याचा फाटका आवाज आणि बाजूला बसलेल्यांच्या टाळ्या, असा तो नाच बाईंनी तरुणपणी एका दौऱ्यात पाहिला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. पण चाळिशी उलटली, संस्थेचा पसारा वाढला, आणि बाई खरंच जातील असं कुणाला वाटेनासं झालं. शिष्यवृत्ती मिळाल्याचा फोन आला तेव्हा त्या एका मुलीचा वर उचललेला खांदा खाली दाबत होत्या. खांदा तसाच दाबून धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वर्षभर मी नसले तर संस्थेचं कसं होणार?"

खरं तर त्यांना हे विचारायचं नव्हतंच. कुणीतरी "काही खरं नाही, बाई" म्हणावं एवढीच अपेक्षा होती. कुणी म्हणालं नाही. मुली आनंदाने टाळ्या वाजवत होत्या.

संस्था सोपवायची ती धाकट्या बहिणीकडे, यात दुमत नव्हतं. तिला सगळे सुई म्हणत. एक तर अंगाने काटकुळी, आणि दुसरं म्हणजे संस्थेचे सगळे पोशाख तीच शिवायची, त्यामुळे तोंडात कायम दोन-चार टाचण्या. लहानपणी दोघी बहिणी एकाच वर्गात नाच शिकल्या होत्या. पुढे ताईचं नाव झालं आणि सुईच्या वाट्याला शिलाई मशीन आलं. हे असं का झालं, हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही.

"नवीन काही बसवू नकोस," बाईंनी बजावलं. "जुने कार्यक्रम आहेत तेवढे चालू ठेव. गाडं रुळावर राहिलं म्हणजे झालं."

"राहील," सुई टाचण्या दातात धरूनच म्हणाली.

"आणि शिडी मागच्या रांगेत. ती पुढे आली की बाकीच्या झाकल्या जातात."

शिडी म्हणजे संस्थेतली सर्वांत उंच मुलगी. आली तेव्हापासून मागच्या रांगेतच नाचत होती.

"आणि अडलं की फोन कर. कधीही."

पहिले काही दिवस फोन आले. पोशाखांच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, लाइटवाला ऐकत नाही त्याला काय सांगू, असले. बाई कपाळाला हात लावून म्हणत, "एक दिवस सुखाने शिकू देत नाहीत," आणि वर्गात जाताना फोनचा आवाज मोठा करून ठेवत. मग फोन कमी झाले, आणि एके दिवशी बाईंच्या लक्षात आलं की आता आपणच फोन करतो आहोत आणि पलीकडून सुई म्हणते आहे, "सगळं ठीक आहे ताई, तू नीट शिक. ठेवू का? मुली थांबल्यात."

इकडे शिकणं म्हणावं तसं होत नव्हतं. गुरू होती एक म्हातारी. ती दोन स्वेटर एकावर एक घालून खुर्चीत बसायची आणि डोळे मिटल्यासारखे करून सगळं बघायची. तिने बाईंना नवशिक्यांच्या वर्गात घातलं. आजूबाजूला विशीतल्या पोरी. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंनी जन्मभर इतरांना ऐकवली होती. त्या वर्गाची लाकडी जमीन खरोखरच एका बाजूला कलती होती, पण सांगणार कुणाला?

पहिल्या दिवशी बाईंनी आपल्याला येतं ते सगळं ओतून एक तुकडा करून दाखवला. हात, मान, नजर, सगळं कसं रेखीव. म्हातारी म्हणाली, "सुंदर. आता कोट काढतात तसं हे सगळं काढून ठेव, आणि मग नाच."

काढल्यावर खाली काहीच सापडेना. तेव्हा म्हातारीने त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मधोमध नाचायची सलूनमध्ये केस कापणारी एक पोरगी, जिला धड गिरकी घेता येत नव्हती, आणि तिच्यासाठी टाळ्या धरायच्या बाईंनी.

"तुझी टाळी तिच्या पायाखाली जायला हवी," म्हातारी म्हणायची. "तू ती आरशाला ऐकवते आहेस."

अशा दिवसांत बाईंच्या नवऱ्याने एक व्हिडिओ पाठवला. ते शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळ्या गावाचे सर होते. मनात काळंबेरं नसलेला माणूस. त्यांनी कौतुकाने लिहिलं होतं, 'सुईने नवीन नाच बसवलाय. बघ.'

बाईंनी बघितला. रंगमंचावर नेहमीचे चकचकीत पोशाख नव्हते, साधे करडे झगे होते. मुली एकामागून एक येत होत्या, कुणी कुणाशी जुळवून घेत नव्हतं, आणि तरीही सगळं जुळत होतं. आणि मधोमध, एकटी, शिडी. तिचे ते लांबच लांब हात, जे बाई इतकी वर्षं "आवर, आवर" म्हणत आखडून घ्यायला लावत होत्या, ते आता पार टोकापर्यंत उघडले होते. शेवटी प्रेक्षक उठून उभे राहिले. कुणीतरी सुईला ओढत पुढे आणलं. ती वाकली तेव्हा गळ्यातली मापाची टेप खाली पडली, आणि लोक हसले, प्रेमाने.

बाईंनी फोन पालथा ठेवला. मग सुलटा केला आणि पुन्हा बघितला. चूक शोधायला म्हणून बघितला. एक सापडली, डावीकडची मुलगी जरा उशिरा वळत होती. तेवढ्यावर त्यांनी दोन घास खाल्ले. पुढच्या वेळी बघितल्यावर कळलं, ती मुद्दामच उशिरा वळत होती, आणि त्यातच तर गंमत होती. मग जेवणही गोड लागेना.

काय वाटत होतं ते त्यांना नीट कळत होतं. त्यांनी ते शिष्यांत पाहिलं होतं, समव्यावसायिकांत पाहिलं होतं, आणि त्यावर विनोदही केले होते. पण ते धाकट्या बहिणीबद्दल, आपल्याच संस्थेबद्दल वाटेल, हे ध्यानीमनी नव्हतं. संस्था बुडाली असती तर त्या धाय मोकलून रडल्या असत्या, आणि मनातून सुखावल्या असत्या. तरली होती, म्हणून अंगाचा तिळपापड होत होता.

थोड्याच दिवसांत एका दुपारी आयोजकांचा फोन आला. बाईंच्या शहरातलं सर्वांत मोठं नाट्यगृह ते चालवत. बाई तेव्हा गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसल्या होत्या. बुटांनी दोन्ही अंगठे काळेनिळे पडले होते.

"बाई, कमाल केलीत तुम्ही लोकांनी! तो करड्या झग्यांचा नाच आम्हाला हवाय. सुईमावशी म्हणाल्या, प्रमुख ताई आहेत, त्यांनाच विचारा. म्हणून हा फोन."

तिने विचारायला सांगितलं, हेच जास्त लागलं. 'हो, जरूर,' असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"अहो, ती उंच मुलगी आहे ना, तिचा पाय मुरगळलाय. तिच्याशिवाय तो नाच उभा राहत नाही. तुम्ही आमचा जुनाच कार्यक्रम ठेवा."

"अरेरे! फार लागलंय का?"

"होईल बरं हळूहळू," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सुईला फोन करून सांगितलं की आयोजकांना जुनाच कार्यक्रम हवा आहे. सुई म्हणाली, "असं? मला वाटलं... बरं. जुना तर जुना."

जुना कार्यक्रम झाला. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. पडदा पडल्यावर आयोजक फुलं घेऊन विंगेत आले आणि मागच्या रांगेतून घामाघूम होऊन निघालेल्या शिडीला म्हणाले, "वा, एवढ्यात नाचायलाही लागलीस? कसा आहे पाय?"

शिडी सरळ मुलगी. तिने आधी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं, मग विचारलं, "कुठला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बूट चढवत असताना सुईचा फोन आला.

"ताई, शिडीचा कुठला पाय मुरगळला होता? डावा की उजवा? नाही, पट्टी कुठल्या पायाला बांधायची, ते कळू दे."

बाईंच्या हातातली बुटाची नाडी हातातच राहिली. "सुई, ऐक माझं. तो नाच अजून कच्चा होता."

"मग कच्चा आहे म्हणायचं होतंस. मी ऐकलं असतं. आजवर ऐकत आलेच आहे ना?"

"संस्थेच्या नावाचा प्रश्न..."

"नावाचं काही सांगू नकोस. पोटात दुखलं तुझ्या, आणि पाय मुरगळला पोरीचा."

तिने आरडाओरडा केला नाही. आजपासून संस्थेत येणार नाही, कपाटाच्या किल्ल्या सरांकडे ठेवल्या आहेत, अर्धवट शिवलेले पोशाख घडी घालून ठेवले आहेत, एवढं सांगून फोन ठेवला. आणि लाज वाटण्याआधी बाईंना वाटलं ते हायसं. आता नवा नाच नाही, टाळ्या नाहीत. लाज मागाहून आली, आणि आली ती बाडबिस्तरा घेऊनच.

त्या दिवशी वर्गात म्हातारीने त्यांना मधोमध उभं केलं. बाईंनी टाचा अशा आपटल्या की सलूनवाली पोरगी दचकून मागे सरकली. सगळं बाहेर पडत होतं, राग, अपमान, मत्सर. हाच तो क्षण, असं बाईंना वाटलं. यासाठीच तर आपण एवढ्या लांब आलो. त्या थांबल्या, धापा टाकत.

"राग आलाय," म्हातारी म्हणाली. "राग सगळ्यांनाच येतो. माझ्या मांजरालाही येतो. तालाला दोनदा चुकलीस. बस बाकावर."

उरलेले महिने बाई बहुतेक बाकावरच होत्या. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून टाळ्या तरी धड वाजवाव्यात असं त्यांनी ठरवलं. सलूनवाल्या पोरीचे पाय ऐकताना कधी कधी एखादं आवर्तन असं जायचं की बाईंना स्वतःची आठवणच राहायची नाही. मग यायची, आणि ताल सुटायचा. निघायच्या आधी म्हातारीने त्यांना एकदा एकटीने नाचायला लावलं आणि म्हणाली, "आता शिकायला सुरुवात करायला हरकत नाही." बाईंचं विमान दोन दिवसांनी होतं.

घरी परतल्या तर संस्था सुखरूप होती, कुलपात. सरांनी किल्ल्या पुढे केल्या. अर्ध्या मुली आल्या, अर्ध्या नाही. शिडी सुईबरोबर गेली होती. टायरच्या दुकानावरची एक खोली घेऊन सुईने स्वतःचा वर्ग काढला होता.

"जाऊन ये की," सर म्हणाले.

"ती मला दारात उभं करणार नाही."

"टायरच्या दुकानाला दार नसतं. शटर असतं. ते उघडंच आहे."

बाई गेल्या. लोखंडी जिन्यावर रबराचा वास होता. खोलीत सुई खाली फतकल मारून बसली होती आणि शिडी काहीतरी करून बघत होती, चुकत होती, पुन्हा करत होती. सुई काहीच बोलत नव्हती, नुसती बघत होती. आपण एव्हाना दहा वेळा ओरडलो असतो, हे बाईंना कळलं, आणि जिन्यात उभ्या उभ्या पुन्हा तोच निखारा पोटात पडला.

सुईने वर पाहिलं. "ये."

"मी आयोजकांशी खोटं बोलले. तुझ्याशीही," बाई म्हणाल्या. "तुझा नाच बघितला आणि मी जळले."

"किती?"

"किती म्हणजे? खूप. आत्तासुद्धा."

सुई हळूच म्हणाली, "माझ्यावर तू जळशील असं माझ्याकडे काही आहे, हेच मला आजवर माहीत नव्हतं."

बाई शिडीकडे वळल्या. "आणि तुला मी मागे ठेवलं, ते उंचीमुळे नव्हतं."

"माहीत होतं, बाई," शिडी म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत होतं." आणि पाणी प्यायला बाहेर निघून गेली.

"संस्थेत परत येशील?" बाईंनी विचारलं.

"नाही. पोशाख हवे असतील तर शिवून देईन. मापं पाठव." मग सुई म्हणाली, "आणि चहा पिऊन जा. आलीच आहेस तर."

त्या वर्षी बाईंनी उरलेल्या मुलींना घेऊन नव्याने सुरुवात केली. पहाटेच हॉलवर जायच्या आणि एकट्या टाचा घोटायच्या. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने तक्रार केली, तेव्हा वेळ बदलून घेतली. कार्यक्रम उभा राहिला तो पुढच्या हिवाळ्यात. मधला एक भाग बाईंचा एकटीचा होता: ना गिटार, ना गाणं, बाजूला बसून टाळ्या धरणाऱ्या मुली आणि पाय. पोशाख सुईने शिवले होते, आणि ती तिसऱ्या रांगेत सरांच्या शेजारी बसली होती.

कार्यक्रम संपल्यावर ती रंगपटात आली. तोंड उतरलेलं.

"काय गं? तो मधला भाग... चुकलं का काही?" बाईंनी धसकून विचारलं.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," सुई म्हणाली. "बसल्या जागी जळले मी. घरी जाऊन माझा अर्धा नाच मोडून टाकणार आहे, आणि हे तुझ्यामुळे."

बाईंनी चेहरा गंभीर ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. "खरंच?"

"खरंच."

"नीट सांग. कुठल्या जागेला जास्त?"

"ताई, पुरे हं!" सुई म्हणाली आणि ताईच्या पाठीवरचे हुक जरा जोरातच सोडवू लागली.

सर बाहेर गाडीपाशी उभे होते. "काय म्हणाले लोक? आवडलं का?" त्यांनी विचारलं.

"सुई जळली," बाई म्हणाल्या, आणि बूट काढून मांडीवर घेऊन घरापर्यंत गुणगुणत राहिल्या.