ज्वारीच्या कोठीची ड्यूटी

जानराव तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, पण बायकोच्या शेजारी बसून त्यानं एकदाही प्रवास केला नाही. तानाबाई बसायची खिडकीशी, आणि हा तिकिटं फाडत मागंपुढं. रिटायर झालो की तुझ्या बाजूला बसून फिरतो, असं तो दर दिवाळीला सांगायचा, आणि ती वेडी ते खरं मानून बसली होती.

रिटायरमेंटचा पैसा आला तेव्हा त्याला सगळा बँकेत ठेवायचा होता, तिला पाटल्या हव्या होत्या. आठ दिवस घरात अबोला. शेवटी जमलं: बाकीचा पैसा बँकेत, आणि म्हातारपणाला हाताशी म्हणून दोन तोळ्यांचं सोन्याचं बिस्कीट घरात. मलकापूरहून ते आणलं, धामणगाव बढे या आपल्या गावी, घरातल्या ज्वारीच्या कोठीत खोल खुपसलं. कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही असं ठरलं.

इथवर ठीक होतं. पण माणूस हाडाचा कंडक्टर! त्यानं भिंतीवर ड्यूटीचा तक्ता लावला. सकाळपाळी तानाबाई, दुपारपाळी जानराव, आणि रिलीव्हर आल्याशिवाय घर सोडायचं नाही. पाळी बदलताना कोठीत कोपरापर्यंत हात घालायचा, बिस्कीट चाचपायचं, मगच चार्ज घ्यायचा. तानाबाई आधी हसली, मग तीही निमूट हात घालू लागली. ज्वारीच्या कुसानं दोघांच्या हाताची खाज काही जाईना.

लग्नाला ती एकटी, मयतीला तो एकटा. विहारात या पौर्णिमेला एक, पुढच्या पौर्णिमेला दुसरा. लेक समता बुलढाण्याला बाळंत झाली, तर आधी आजी नातू पाहून आली. तिनं कोठीत हात घालून चार्ज घेतला तेव्हा कुठं आजोबा निघाले.

चौदा महिन्यांत गावानं ठरवून टाकलं, या दोघांचं फाटलं. जानरावाची बहीण बेबीताई पंधरा नातेवाईक घेऊन समेट करायला आली. चुलता दयाराम मधोमध बसला आणि विचारू लागला, भांडण कशाचं? खरं सांगायची सोय नव्हती. जानरावानं दिलं ठोकून, की भाजीत मीठ जास्त असतं.

तानाबाईचे डोळे भरून आले. तेहेतीस वर्षं पहाटे चारला उठून तिनं याचा डबा भरला होता. जानरावाला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण बोलून चुकला होता.

बेबीताईनं निकाल दिला: दोघांनी आजच जोडीनं समताकडे जायचं, आठ दिवस राहायचं. घर ती सांभाळेल, कोठीपाशीच खाट टाकेल. जानरावाला दरदरून घाम फुटला. आम्हाला कुठंच जायचं नाही, म्हणाला.

तशी तानाबाई उठली.

"कोठीत दोन तोळे सोनं हाये," ती म्हणाली. "त्याच्यापायी हा मानूस माह्या बाजूले बसत नाही. भाजीत मीठ बराबर असते."

बेबीताईनं दयारामकडे पाहिलं, दयारामनं तिच्याकडे. मग बेबीताई म्हणाली, मी इथंच राहते. दयाराम म्हणाला, मग मीही राहतो. त्याच्या सुनेनं चटई अंथरली. दुसऱ्याला कोठीपाशी एकटं सोडायला पंधरातला एकही तयार होईना. मोरीत जायचं तरी दोघं सोबतीला. इतकी कडक ड्यूटी जानरावानं उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यानं भिंतीवरचा तक्ता काढला, बेबीताईच्या हाती दिला आणि पिशवी उचलली.

गाडीत तानाबाई खिडकीशी बसली. हा सवयीनं दांडा धरून उभा.

"बसा ना आता," ती म्हणाली, "काऊन उभे राह्यले?"

तो बसला. कंडक्टर पोरगी आली, कुठं जायचं विचारू लागली. जन्मभर त्यानं तिकिटं दिली होती, जोडीनं कधी मागितली नव्हती.

"बुलढाणा," तो म्हणाला, "दोन."