हिरामण आला

धोंडुबाईच्या घरी ठेवलेली पोरं रडत नाहीत, हे रंभाने नोकरी धरायच्या आधीच ऐकलं होतं. रोह्याकडे कंपन्या वाढल्या तशा नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या बायकाही पूल ओलांडून पॅकिंगच्या कामाला जाऊ लागल्या. पहिल्या शिफ्टला उजाडायच्या आत निघावं लागे. रंभाचा नवरा पोपट पेणला गणपतीच्या कारखान्यात असे आणि सुट्टीच्या दिवशी तेवढा गाडीने घरी येई. चार वर्षांच्या मालूला कुणाकडे तरी ठेवणं भागच होतं.

एरवी पोरं धोंडुबाईच्या अंगणात खेळत. थंडीत मात्र कुंडलिका नदीवरून धुकं चढे ते ऊन डोक्यावर येईस्तोवर हटत नसे. त्या साली डांग्या खोकल्याची साथ होती आणि पोरांना गारठ्यात काढू नका, असं डॉक्टर बजावत होते. एवढी पोरं एका खोलीत दार लावून दुपारपर्यंत रमवायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. धोंडुबाईला ते जमत होतं. रस्त्याने जाणाऱ्याला आतून हसण्याचा कल्लोळ ऐकू येई.

सुरुवातीला मालू आईला चिकटून बसे. मग ती स्वतःच घाई करू लागली. रंभाला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

एकदा कंपनीत मशीन बंद पडलं, बायकांना लवकर सोडलं. रंभा तशीच धोंडुबाईकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत भिंतीशी गोणपाटावर हैबतराव बसला होता, धोंडुबाईचा नवरा. त्याला आताशा काही आठवत नसे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता यायचं नाही. सगळी पोरं त्याच्यासमोर दाटीने बसली होती. मालू पुढे झाली आणि म्हणाली, "हिरामण आला."

म्हातारा ताठ झाला. त्याने टोपी चाचपून डोक्यावर नीट बसवली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि भिंतीला धरून उठला. एक पोरगा पुढे जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, जेवलास का, पाय का गार पडलेत, असं काहीबाही विचारलं. पोरगा थोडा वेळ थांबला. मग हातांतून निसटला आणि सगळी एकदम ओरडली, "हिरामण मेला!"

म्हातारा मटकन खाली बसला आणि कपाळ बडवून घेऊ लागला. पोरं हसून लोळत होती. मालूच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं हसून. धोंडुबाई कोपऱ्यात भिजवलेले वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हाताऱ्याच्या मनातून सगळं पुसून गेलं, तो शांत बसला, आणि हिरामण कोण होणार यावरून पोरांची भांडणं लागली.

रंभाने मालूला दंडाला धरून बाहेर नेलं आणि परत येऊन धोंडुबाईला विचारलं, हा काय खेळ लावलाय. धोंडुबाईने लपवलं नाही. हिरामण तिचा एकुलता एक मुलगा. तेव्हा ती दोघं कासूच्या बाजूला खाडीकाठच्या गावात राहत. पौषातल्या उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरू लागलं. हिरामणच्या अंगात ताप होता. हैबतरावाने त्याला गोधडीतून ओढून काठीने मारलं आणि चिखलाचा भराव टाकायला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. शेत वाचलं. हिरामण त्या आजारातून उठला नाही.

"तवा याच्या डोळ्यातून टिपूस नाय आला," धोंडुबाई म्हणाली. "शेत राहिलं म्हणला. आता रडतो तर रडू दे. तुझ्या पोरीला कोण मारीत नाय गो. हसतेच हाय ना ती?"

पोपट घरी आल्यावर रंभाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हाताऱ्याला घटकाभरही लक्षात राहत नाही, मग त्याचं बिघडतंय काय. आजूबाजूच्या बायकांनाही ठाऊक होतं. कुणी त्यावर बोलत नव्हतं.

रंभाने मालूला निडीला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. आई काशीबाई नुकतीच विधवा झाली होती. मालूला तिथे करमेना. एका सकाळी काशीबाई भाकरी थापत असताना मालू धावत आत आली आणि म्हणाली, आजोबा आलेत, दारात उभे आहेत. काशीबाई पिठाच्या हातांनी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली. मालू तिच्या तोंडाकडे बघत बघत हसली आणि म्हणाली, "आजोबा मेले."

काशीबाईने तिला थोबाडीत मारली आणि त्याच दिवशी गाडीने अष्टमीला आणून सोडलं. ही पोर मला नको, एवढंच ती बोलली आणि पाणीही न पिता परत गेली.

मालू पुन्हा धोंडुबाईकडे जाऊ लागली.

एका सकाळी पुलाचा कठडाही दिसू नये एवढं धुकं होतं. त्या दुपारी नदीकाठी म्हशी धुवायला आलेल्या माणसाला हैबतराव सापडला. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेला, अंगात नुसती बंडी. लोकांनी त्याला घरी आणलं, शेकलं, घोंगड्यात गुंडाळलं. तो नंतर बोललाच नाही आणि त्या आठवड्यातच गेला. मी मागे अंघोळ करत होते, तो कधी बाहेर पडला कळलं नाही, असं धोंडुबाईने सांगितलं. भ्रमिष्ट माणसाचं असंच होतं, असं म्हणून लोक पांगले.

तो सापडला त्या संध्याकाळी जेवताना मालू खुशीत सांगत होती. हिरामण बाहेर थांबलाय, आत यायला लाजतो, असं तिने सकाळी म्हाताऱ्याला म्हटलं होतं. तो बाहेर गेल्यावर तिने दार लावून घेतलं. तो दार वाजवत होता आणि सगळी हसत होती. "मी लावलं दार," मालू म्हणाली. रंभाने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि हे कुणाला सांगायचं नाही, असं दटावलं.

तेराव्यानंतर रंभा एकटीच धोंडुबाईकडे गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण तिथे गेल्यावर तिला नुसतं रडू आलं. माझ्या पोरीनं केलं, एवढंच ती म्हणू शकली.

धोंडुबाईने तिला पाणी दिलं. मग उठून दार लावलं आणि टाचा उंचावून चौकटीच्या वरच्या लाकडातली कडी घातली.

"तुझ्या पोरीचा हात पोचंल का हितं?"

रंभा कडीकडे बघत राहिली.

"दार तिनं लोटलं. कडी मी घातली."

"तो हाका मारत होता?"

"व्हय. नावानं मारत होता. जल्मात कधी माझं नाव घेतलं नव्हतं त्यानं." धोंडुबाई परत खाली बसली. "पोरांना म्हणलं, आता गप बसून ऐका."

रंभाला उठावंसं वाटलं. पूल ओलांडला की पोलीस चौकी होती. तिथे मालूचंही नाव निघालं असतं. पोपट काय म्हणाला असता ते तिला माहीत होतं. आई मालूला पुन्हा ठेवून घेणार नव्हती, आणि कंपनीत आधीच खाडे झाले होते.

"सोमवारपासून पोरं परत घेते," धोंडुबाई म्हणाली. "थंडी हाय अजून. मालूला आणशील ना?"

"आणते," रंभा म्हणाली.

घरी येऊन तिने मालूला जवळ घेतलं आणि सांगितलं की दार तिने लावलं नव्हतं, कडी धोंडुआजीने घातली होती, त्यात तिचा काही दोष नाही. मालू आधी ऐकत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. तिने आईला ढकललं.

"मीच लावलं," ती म्हणाली आणि हातपाय आपटून रडू लागली. रंभाने तिला खूप समजावलं, खाऊ दिला, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिने म्हटलं, बरं, तूच लावलंस. तेव्हा कुठे मालू शांत झाली आणि आईच्या मांडीवर झोपली.

सोमवारी अंधारातच रंभाने तिला उचलून धोंडुबाईच्या हाती दिलं. आत पोरं जमली होती. रंभा पुलाकडे भराभर चालू लागली. शिफ्टला उशीर झाला नाही.