बलभीम मिस्त्रींनी पारखलेले दोन एक्सल

परंड्याचे बलभीम मिस्त्री गाडीचा मागचा एक्सल कानानं पारखतात, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलच्या फुगीर पोटावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि समोरच्याला म्हणायचं, फिरव. मग एकच शब्द. साफ, नाहीतर खराब. त्या एका शब्दावर लोक माणसं भरलेली गाडी येडशीच्या घाटात घालायचे. आता असल्या माणसाचाच कान जावा, हा काय न्याय झाला का? पण गेला खरा. दोन वर्षं झाली, समोरच्याचं बोलणं कळायचं, बारीक आवाज मात्र पार बंद झाले होते. मिस्त्रींनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. हातानं, डोळ्यानं भागवत होते आणि स्क्रूड्रायव्हरचं नाटक तेवढं चालू ठेवलं होतं.

म्हणून धाकट्या भावाची निकिता म्हणाली, "काका, एक्सल निवडायला चला," तेव्हा त्यांनी आधी, दुसरा कुणी बघ, असं म्हणून पाहिलं.

निकितानं एक जुनी गाडी हलकी करून, तिला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून शर्यतीची केली होती. तेवढी ताकद मूळच्या एक्सलला कुठली सोसायला? सरावातच मोडला. शर्यत आठ दिवसांवर, मातीच्या ट्रॅकवर. पिकअपचा जुना एक्सल बसणार होता, पण तो आतून धड पाहिजे. भर वेगात वळणावर मागची चाकं अडकली, तर गाडी उलटी होणार आणि आत निकिता. हे दोघांनाही माहीत होतं.

धाराशिवला गुंडप्पाच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर दोन एक्सल मांडलेले होते. गुंडप्पाचा नियम साधा होता.

"खोलून बघायचं न्हाय मिस्त्री. खोलला की घ्यायचा," एवढं बोलून तो फोन कानाला लावून टेबलाकडं गेला.

मिस्त्रींनी दोन्ही एक्सल हलवून बघितले. दोरी धरून वाक तपासला. आतलं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं, लोखंडाचा चुरा दिसतोय का बघितलं. निकितानं मधला दांडा फिरवून चाकांचे फेरे मोजले. दोन्ही सारखेच. डावं-उजवं करायला जागाच नाही.

"आता कान लावा, काका."

पहिल्याला त्यांनी कान लावला. निकितानं फिरवला. मिस्त्रींना काय ऐकू येणार, डोंबलं! तरी तोंड वाकडं करून म्हणाले, "खरखर हाय जरा."

दुसऱ्याला लावला. डोळे मिटले. थोडं थांबून मान हलवली.

"साफ हाय. ह्योच घे."

डोळे उघडले तर निकिता चिंधीनं हात पुसत होती.

"काका," ती जवळ येऊन म्हणाली, "मी अजून फिरवलाच न्हाय."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुंडप्पाचं लक्ष फोनवर होतं. चुकून बोललो, एवढं म्हणायचा अवकाश, वेळ निभावली असती. पण समोर पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"मला ऐकू येत न्हाय, निके. दोन वरीस झालं." स्क्रूड्रायव्हर त्यांनी तिच्या हातात दिला. "तू ऐक. म्या फिरवतो."

पहिल्यावर ती बराच वेळ कान लावून बसली. "एकसारखं घुमतंय, काका. खरखर कुठं न्हाय."

दुसऱ्यावर मात्र तिच्या कपाळाला आठी पडली. "थोड्या थोड्या वेळानं कट् करतंय. हे बघा, परत."

"आतल्या गिअरचा दात तुटायला आलाय," मिस्त्री म्हणाले. "ह्यो न्हाय घ्यायचा."

ह्योच घे म्हणून आत्ता सांगितलं होतं त्यांनी.

पहिला एक्सल टेम्पोत चढवला. निकिता गाडी चालवता चालवता त्यांच्याकडं वळून म्हणाली, "मी कुणाला सांगणार न्हाय, काका. इथून पुढं तुम्ही फिरवा, मी ऐकत जाते."

पोरगी जीव लावणारी, पण मिस्त्रींचं मन तिच्या बोलण्यात नव्हतं. दोन वर्षांत ज्या ज्या गाड्यांना साफ म्हणालो, त्या एकेक त्यांच्या डोळ्यांसमोर यायला लागल्या. एका गाडीपाशी येऊन ते अडले.

"ईट गावाकडं घे गाडी."

"आज एक्सल बसवायचाय ना?"

"शिवराजची जीप हाय तिथं. शाळेची पोरं नेतो तो. दिवाळीत म्या साफ म्हणलो तिला."

निकितानं टेम्पो भूमच्या रस्त्याला घातला. मिस्त्रींनी खिशातून फोन काढून शिवराजला लावला.

"शिवराज, बलभीम मिस्त्री बोलतोय. जीप भाईर काढू नको. आज पोरं आणायला दुसरी गाडी बघ. म्या येतोय." पलीकडून शिवराज काहीतरी विचारत होता. मिस्त्रींनी फोन कानाशी घट्ट दाबला. "जरा जोरात बोल, बाबा. मला कमी ऐकू येतं."