कच्चा दोरा

माझा नवरा नाथा ठाण्यात कारखान्यात फिटर आहे. दिराने बोटीवरून आणलेली घडीची पक्कड, तिच्यातच सुरी आणि पेचकस, तो रोज पट्ट्याला लटकवतो. तीही कच्च्या दोऱ्याने! दोनदा दोरा तुटला, दोनदा पक्कड पडली. परवा माझं डोकंच सणकलं.

"कोळ्याचा ना तू? असं बांधतात?"

तो नुसता हसला.

आज तो आंघोळीला गेला तशी मी दोरा काढून टाकला, जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली आणि बापाने शिकवलेली गाठ मारली, ओढली की आवळणारी. घाईत त्याने बघितलंही नाही, तशीच लटकवून कामावर गेला.

दुपारी शेजारचा मारुती दुसऱ्या पाळीला निघाला. तो नाथाच्याच खात्यात आहे. ओट्यावर पडलेला दोरा बघून थांबला.

"वहिनी, हा का काढलात?"

"सारखा तुटतो मेला."

"तुटायलाच हवा. मशीनच्या फिरत्या शाफ्टात अडकला तर दोरा तुटतो, माणूस वाचतो." त्याचा चेहरा उतरला. "आता कशाने बांधलंत?"

मी नायलॉनच्या दोरीचा उरलेला तुकडा दाखवला. तो धावतच सुटला.

मी त्या तुकड्याला तीच गाठ मारली आणि जीव खाऊन ओढली.

ती आवळतच गेली.