कुंभारणीची अळी

"हात नको लावू गा तिले!"

पार्वतीबाईंच्या ओरडण्यानं कवडूच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडता पडता राहिला. तो दर उन्हाळ्यात कूलर नीट करून द्यायला यायचा. आत्ताच जिन्याखालून कूलर अंगणात ओढला होता आणि मोटरच्या पाठीवर मातीची इवलीशी लोटी चिकटलेली दिसली होती. कुंभारीण माशीचं घर.

"आजी, हे खरडल्याबिगर मोटर खोलता येत नाही," कवडू म्हणाला. "त्रेचाळीसवर गेला पारा. उकडून मरता का?"

"नाही मरत. अर्धी जिंदगी कूलरबिगर काढली म्या. तू पुढच्या हप्त्यात ये."

"बरं बापा. अन तसंबी, कुंभारीण घर बांधते त्या घरी पाळणा हलते म्हंतात." कवडू हसत बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. या घरात अकरा वर्षांत पाळणा हलला नव्हता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पिशवी उचलून तो चहा न घेताच सटकला.

चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेला, भावनाला, त्याचं काही वाटलं नाही. रडायची वर्षं मागे पडली होती. धरमपेठेतल्या शाळेत विज्ञान शिकवावं, घरी येऊन सासूशी भांडत-हसत भाजी निवडावी, नवऱ्याच्या, रवींद्रच्या, गाडीचा आवाज आला की चहा टाकावा, असं तिचं साधं आयुष्य होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी दत्तक देणाऱ्या संस्थेतून फोन आला होता. दोन वर्षांची मुलगी. उद्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

आणि पार्वतीबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मागे गल्लीत कुणी मूल दत्तक घेतलं तेव्हा त्या फणकारल्या होत्या, "परक्याचं ते परक्याचंच राह्यते." तेव्हापासून भावनाची जीभ रेटली नव्हती. संस्थेच्या बाई घर पाहायला आल्या तेव्हासुद्धा तिनं काहीतरी थाप मारून सासूला लेकीकडे कन्हानला धाडलं होतं. रवींद्रनं तर सरळ हात वर केले होते, "आईले तूच सांग. माझं कुठं आयकते ते?" म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा सुनेनंच बांधायची.

"पाह्य पाह्य, आली," पार्वतीबाई कुजबुजल्या.

कुंभारीण हिरवी अळी पायांत धरून लोटीच्या तोंडाशी उतरली आणि तिला आत कोंबू लागली.

"कोणाची अळी आणली असन, आई?" भावनानं उगाच विचारलं.

"कोणाची का असेना! तिले सोताचं लेकरू होत नाही ना. मंग दुसऱ्याची अळी उचलून आणते, घरात ठेवते अन तिच्याजवळ दिवसभर गुंग गुंग करत राह्यते. ते आयकून आयकून अळीले पंख फुटतात. तीबी कुंभारीण होऊन जाते. माही माय सांगे."

भावनानं तोंड उघडलं. दर वर्षी नववीच्या वर्गात ती हे सांगायची: कुंभारीण आधी अंडं घालते, मग डंख मारून बधिर केलेल्या अळ्या आत भरते, आणि तिचं पिल्लू त्या अळ्या खाऊनच मोठं होतं. खडू हातात असता तर ती बोलूनही गेली असती. तिनं तोंड मिटलं. चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले.

"मंग ती परकी नाही राहत?"

"काहून राह्यीन? तिच्याच घरात वाढली ना वं!"

आता भावनाला थांबवेना. "आई, आम्हीबी एक पोरगी आणून राहिलो. दत्तक." मग फोन, संस्था, कन्हानची थाप, सगळं तिनं एका दमात ओकून टाकलं.

पार्वतीबाईंनी लोटीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"म्हून मी कन्हानवरून आली तं घर असं चकाचक होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, सासू गेली म्हून सून खुश झाली."

भावनाला हसावं की रडावं कळेना. पार्वतीबाई मात्र हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत निघून गेल्या. सगळं फिसकटलं, असं भावनाच्या मनानं घेतलं. ती घाबरत घाबरत मागोमाग गेली.

आतल्या खोलीत पार्वतीबाई पलंगाशी वाकल्या होत्या. भिंतीकडची बाजू सासऱ्यांची. ते गेल्यापासून तिथं कुणी झोपलं नव्हतं. पार्वतीबाईंनी ती गोधड्यांच्या घड्यांनी भरून टाकली होती आणि कुणाला हात लावू देत नसत. आता त्या एकेक गोधडी उचलून खाली ठेवत होत्या.

"किती वर्षाची हाय म्हंतली?"

"दोन."

पार्वतीबाईंनी रिकाम्या जागेवरची चादर तळहातानं सारखी केली.

"मंग इकडं भिंतीकडं झोपवू तिले. एवढंसं लेकरू, झोपीत खाली पडते."