शिंगाची नखी

उज्वला बिरादारला थुंकीचं वावडं नव्हतं. लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रोज लोकांनी खाकरून आणलेल्या थुंकीच्या डब्या उघडायची, काचेवर पसरायची, रंग द्यायची आणि मग हात धुऊन निवांत जेवायची. आजारी माणसाची थुंकी म्हणजे तिच्या लेखी काम. पण धडधाकट माणसानं हौसेनं तंबाखूचा बार भरावा, त्या भरल्या तोंडानं बोलावं आणि समोरच्याच्या अंगावर शिंतोडे उडवावेत, याची तिला मनस्वी शिसारी होती. हिच्या नाकाची मुरड आता कायमचीच राहणार, असं तिची आई म्हणायची.

आणि नेमकी तिचीच गाठ शेषेरावांशी पडली.

शेषेराव मुरुडचे. रविकिरणच्या ऑर्केस्ट्रात ते पहिल्यापासून लीड गिटार वाजवत. त्यांचं वादन डोळे मिटून ऐकावं असं होतं, आणि डोळे मिटूनच ऐकावं. कारण त्यांच्या डाव्या गालात तंबाखू असायची आणि उजव्या गालात गिटारची नखी. दुकानात जिला पिक म्हणतात, तार छेडायचा तो बारका तिकोनी तुकडा. नखी लागली की दोन बोटं तोंडात घालून काढायची, काम झालं की परत गालात. मूळची ती काळी असावी, आता तिच्यावर तपकिरी साय चढली होती. तीच ओली नखी तारांवर फिरणार, तारा चिकट होणार, आणि त्या गिटारला उज्वलाला कधी हात लावावा लागला की ती आधी स्पिरिटचा बोळा फिरवणार. शेषेराव ते पाहून हसायचे. हसताना जे दिसायचं ते न सांगितलेलंच बरं.

उज्वला त्याच ऑर्केस्ट्रात दुसरी गिटार धरायची. म्हणजे बाकीचे गाजणार आणि ही मागं उभी राहून साथ करणार. तिला लीडची जागा हवी होती. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मग शेषेराव मोटारसायकलवरून पडले आणि डावं मनगट मोडून बसले. कसे पडले, तर चालत्या गाडीवरून थुंकायला वाकले आणि तोल गेला. ऐकून उज्वलाला वाईट वाटलं. पण त्याआधी तिनं नाक मुरडलं, हेही खरं.

पंचाईत अशी, की नांदेडला एका लग्नाची सुपारी आधीच घेतलेली होती. धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या लेकीचं लग्न. व्यापाऱ्यानं गाण्यांची यादी वगैरे काही दिली नव्हती, अट एकच होती: नवरदेव मांडवात शिरताना घोडी वाजली पाहिजे. घोडी ही शेषेरावांनी स्वतः बांधलेली धून. आधी नुसत्या बोटांनी संथ, घोडी सजून डुलत चालल्यासारखी. मग एकाएकी नखीनं दौड, अशी की ऐकणाऱ्याला दम लागावा. आणि शेवटी परत बोटांनी संथ. व्यापाऱ्याच्या स्वतःच्या लग्नात ती शेषेरावांनी वाजवली होती.

"उज्वला, जमतंय का सांग," रविकिरण तालमीच्या खोलीत म्हणाला. "न्हाई जमलं तर शेषेरावकाकाचं रेकॉर्डिंग हाय साउंडवाल्या शारिककडं. ट्रॅक लावू. तू नुस्ते हात हलव. लग्नात कोण बघून राहिलंय?"

"आणि नंतर?"

"नंतर लीडला उदगीरचा एक पोरगा हाय माझ्या नजरेत. तू साथीला हायेसच की."

उज्वलाला त्या क्षणी रविकिरणची जेवढी किळस आली, तेवढी शेषेरावांची कधी आली नव्हती. नमुना न तपासताच रिपोर्ट लिहून द्यावा, तसलाच तो प्रकार. वर तो सांगताना माणूस चहा भुरकत होता. "मी वाजवते," ती म्हणाली.

बोटांना दौड येत होती. घोटाळा नखीचा होता. दुकानात आधी पातळ नख्या मिळाल्या. पातळ नखी तारेवर गेली की स्वतः वाकते आणि मग तार सोडते. सावकाश गाण्यात ते गोड लागतं, पण दौडीत प्रत्येक सूर उशिरा येतो आणि वरून फटफट आवाज. जाड नखी वाकत नव्हती, पण आकारानं मोठी आणि टोकाला बोथट. शेजारच्या तारेत अडकायची. उज्वलानं एक्स-रेची फिल्म कापून पाहिली, जुनं एटीएम कार्ड कापून पाहिलं. शेवटी ऑनलाइन मागवली: बारकी, कडक, टोकदार, कडा दोन्हीकडून उतरत्या. घरी पंख्याखाली तिनं दौड सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजवली आणि आनंदानं आईला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर हाताला घाम सुटला आणि तीच शहाणी नखी बोटांत गरकन फिरून आडवी झाली.

शेषेराव गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात बसले होते. "प्लास्टिकला घाम सोसत न्हाई, पोरी. शिंग पाहिजे. ओलं झालं की शिंग बोटाला धरून राहतं." त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी उघडली आणि तिच्यात बोट फिरवून एक काळी नखी बाहेर काढली. "ही घे. आमच्या चंद्री म्हशीचं शिंग हाय. भरीव टोक तेवढंच असतंय, दोनच निघाल्या त्यातनं. एक ही, आन् एक..." असं म्हणून त्यांनी गालावर टिचकी मारली.

उज्वलानं ती कागदी रुमालात धरली आणि रुमालासकट तारांवरून एकदाच फिरवली. सूर कसे सुटे सुटे, टपोरे पडले. नखी वाकली नाही, अडकली नाही, फिरलीही नाही. तिला हवी होती ती हीच, आणि हिलाच नेमका तंबाखूचा भुगा चिकटलेला असावा, याचा तिला संताप आला.

मग तिनं काय करावं? साबणानं धुवावी? साध्या माणसानं तेच केलं असतं. पण उज्वला लॅबची बाई. तिचा साबणावर विश्वास नव्हता. तिनं नखी लॅबमध्ये नेली आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, म्हणजे दाबाच्या वाफेत वस्तू निर्जंतुक करायच्या त्या भांड्यात. झाकण उघडलं तेव्हा जंतू नक्कीच मेले होते. नखीही मेली होती. फुगून, मऊ पडून पापडासारखी वळली होती, आणि वाळल्यावर तिचे पापुद्रे सुटायला लागले. शिंग वाफेनं मऊ होतं, हे पुस्तकात कुठंतरी वाचलेलं तिला आत्ता आठवलं.

तिनं ती तशीच नेऊन शेषेरावांसमोर ठेवली. त्यांनी ती बोटानं उलटून पाहिली.

"शिजवलीस?" त्यांनी विचारलं.

"चुकलं, काका."

"आमच्या चंद्रीला शिजवलीस व्हय गं?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर उज्वलाला बरं वाटलं असतं. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, उजव्या गालातली नखी काढली, पँटवर पुसली आणि तिच्यापुढं धरली. तिच्यावर अजून लाळेची तार लोंबत होती. "ही एकच राहिली. हिला तरी शिजवू नको."

उज्वलानं तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली, नखी चिमटीत धरून नळाखाली नेली आणि घासली. साबण, स्पिरिट, परत साबण. वरची साय निघाली, वास निघेना. तंबाखू, चुना आणि म्हाताऱ्या तोंडाचा आंबूस दर्प शिंगात मुरून बसला होता. रात्री पोळी खाताना तिला आपल्याच बोटांना तो वास आला आणि ती ताटावरून उठली.

पण दौड जमली. घाम सुटला की ती घाणेरडी नखी बोटांना उलट अधिकच घट्ट धरायची. अडलं ते भलतीकडंच. संथ भाग वाजवायला पाचही बोटं मोकळी हवीत, आणि तो संपला की एका मात्रेत नखी हातात पाहिजे. उज्वलानं ती तळहातात दडवून पाहिली, तर संथ सूर कच्चे पडले. तारांत खोवून पाहिली, तर तारेचा आवाज बसला.

"गालात ठेव की," शेषेराव म्हणाले. "मी काय हौस म्हणून ठेवत होतो?"

"मरेन, पण तोंडात घालणार नाही," उज्वला म्हणाली. "स्टुलावर ठेवीन."

मग तालमीत शेजारी स्टूल आलं. वाकून उचलण्यात क्षणभर उशीर व्हायचा, तो ढोलकीवाला चंद्रप्पा एक थाप जास्त मारून झाकायचा.

लग्नाच्या दिवशी नांदेडचं मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. उज्वला स्टेजवर चढली आणि तिचं नाक आपोआप मुरडलं. तुडवलेला झेंडू, सांडलेला मठ्ठा, कोपऱ्यात कुणीतरी मारलेली गुटख्याची पिचकारी. तरी तिचं स्टूल जागेवर होतं. तिनं नखी त्यावर ठेवली आणि गिटार लावायला घेतली.

"आला, नवरदेव आला!" दारात कालवा झाला. त्या गडबडीत व्हिडिओवाला धावत आला, त्यानं इकडं तिकडं पाहिलं, नखी झटकून टाकली आणि बुटांसकट स्टुलावर चढला.

उज्वला गालिच्यावर गुडघे टेकून शोधायला लागली. झेंडूच्या चिखलात नखी सापडली. ड्रेसला खिसा नव्हता. अँप्लिफायरवर ठेवली, तर ती थरथरत घरंगळून खाली आली. नवरदेव निम्म्यात पोचला होता. व्यापारी मान वर करून स्टेजकडं बघत होता, आणि स्टेजखाली प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून शेषेराव उभे होते. रविकिरणनं शारिककडं पाहिलं.

"दीदी, जल्दी बोला," शारिकचं बोट लॅपटॉपवर होतं. "लावू का ट्रॅक?"

उज्वलाच्या मनात दोन्ही घाणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक तिच्या हातात होती. दुसरी शारिकच्या बोटाखाली होती. हातातली निदान चूळ भरल्यावर जाणार होती.

"नको," ती म्हणाली. नखी ओढणीला पुसली, डोळे मिटले आणि तोंडात टाकली.

चव लगेच आली. आधी माती आणि झेंडू, मग चुना, मग ती मुरलेली कडू तंबाखू. घशाशी आलं ते तिनं गिळलं आणि पहिली तार छेडली. घोडी सजून निघाली. पाचही बोटं मोकळी होती, त्यामुळं संथ सूर तालमीत कधी पडले नव्हते इतके भरून पडले. मात्रा आली. दोन बोटं तोंडाकडं गेली, परत आली आणि दौड सुटली. चंद्रप्पाला झाकायला काही उरलंच नाही. तो नुसता मान हलवत तिच्या मागं पळत राहिला. नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबून बघायला लागले. दौड संपली, घोडी परत संथ झाली, शेवटचा सूर विरला. व्यापाऱ्यानं डोक्यावरचा फेटा काढून हवेत फिरवला.

रविकिरण माईकजवळून वळला. "लीड तुझंच," तो म्हणाला, जशी काही स्वतःच सगळी मेहनत घेतली होती.

शेषेराव एका हातानं आधार घेत स्टेजवर चढले. त्यांचे डोळे भरले होते, आणि गालही भरला होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात पुढं पसरला. "आण माझी नखी."

उज्वलानं हातात पाहिलं. हातात नव्हती. तारांत पाहिलं, गालिच्यावर पाहिलं, अँप्लिफायरमागं पाहिलं. शेवटच्या संथ भागाला तिनं ती कुठं ठेवली, हेच तिला आठवेना. मग काही बोलायला तिनं जीभ हलवली आणि ती नखीला लागली.

नखी उजव्या गालात होती. तिनं दोन बोटं घालून ती बाहेर काढली, लाळेनं ओली, आणि शेषेरावांच्या हातावर ठेवायला गेली.

शेषेरावांनी हात झटकन मागं घेतला. "शी! तोंडातली? उष्टी?" त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं वाकडं झालं होतं. "कुणाचं उष्टं मी न्हाई घेत, बाई. आता ठेव तुलाच."

असं म्हणून ते स्टेजच्या कडेला गेले, वाकले, आणि खालच्या कुंडीत एक लांब पिचकारी मारली.

उज्वलानं नाक मुरडलं. तेवढ्यात रविकिरणनं पुढचं गाणं पुकारलं. त्याची सुरुवात नुसत्या बोटांची होती. तिनं नखी परत गालात टाकली आणि गिटार उचलली.